आधी पाठ, मग पडदा

२०२६-२७ हे शैक्षणिक वर्ष तिसरीच्या मुलासाठी दोन आश्वासने एकाच वेळी घेऊन येत आहे. पहिले आश्वासन जुने आहे. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले, तेव्हा २०२६-२७ पर्यंत देशातील प्रत्येक मूल तिसरीच्या अखेरीस अर्थ समजून वाचू लागेल आणि साधे गणित करू लागेल, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. दुसरे आश्वासन नवे आहे. याच वर्षापासून तिसरीपासूनच्या वर्गांत कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती यांची ओळख करून देण्याचे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. म्हणजे ज्या मुलाला मातृभाषेत वा परिसरभाषेत एक परिच्छेद समजून वाचता यावा यासाठी पाच वर्षे धडपड चालली आहे, त्याच मुलापुढे आता बोलणारे आणि लिहिणारे यंत्रही येऊन उभे राहणार आहे.

गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा किंवा सांगे तालुक्यातील एखाद्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत ही दोन्ही आश्वासने एकाच बाकावर येऊन बसतात. अशा अनेक शाळांची पटसंख्या विसाच्याही आत आली आहे. कित्येक ठिकाणी एकच शिक्षक पहिली ते चौथी असे चारही वर्ग सांभाळतो. अशा शाळेला वाचवायचे तर तिथे डिजिटल फळा, टॅब आणि इंटरनेट पोहोचले पाहिजे, असा सूर पालकांकडून, लोकप्रतिनिधींकडून आणि प्रशासनाकडूनही लागतो. हा सूर चुकीचा म्हणता येणार नाही. शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जे दिसते ते मराठी शाळेत दिसले नाही, तर पालकांच्या मनात मराठी शाळा म्हणजे गरिबाची शाळा हे समीकरण पक्के होते. परंतु यंत्र वर्गात आले म्हणजे भाषेचा पाठ आधुनिक झाला, हे त्यापुढचे गृहीतक मात्र तपासून घेण्यासारखे आहे. यंत्र किती वेळ चालू होते, यावर भाषेच्या पाठाचे मोल ठरत नाही. त्या वेळात प्रत्येक मूल किती बोलले, किती वाचले आणि किती लिहिले, यावर ते ठरते. हा हिशेब आधी मांडावा लागतो, आणि तो मांडणे म्हणजेच पाठाचे नियोजन.

पस्तीस मिनिटांचा हिशेब

विज्ञानाच्या तासाला हृदयाचे कार्य दाखवणारी चित्रफीत मुलांनी शांतपणे पाहिली, तरी काही ज्ञान हाती लागते. भाषेचे तसे नाही. पोहणाऱ्याकडे पाहून पोहता येत नाही, तशीच भाषा केवळ पाहून-ऐकून पूर्ण येत नाही. ऐकणे हा तिचा पाया खरा, पण बोलणे, वाचणे आणि लिहिणे या गोष्टी मुलाने स्वतःच कराव्या लागतात.

एक साधा हिशेब पाहण्यासारखा आहे. वर्गात बारा मुले आणि तासिका पस्तीस मिनिटांची आहे असे धरले आणि शिक्षकाने स्वतः एक शब्दही न उच्चारता प्रत्येकाला पाळीपाळीने बोलू दिले, तरी एका मुलाच्या वाट्याला तीन मिनिटेही पूर्ण येत नाहीत. त्याच तासिकेत वीस मिनिटांची तयार चित्रफीत लावली, तर उरलेल्या पंधरा मिनिटांतून प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सव्वा मिनिट येते. याउलट मुलांच्या सहा जोड्या करून दहा मिनिटे एकमेकांशी बोलू दिले, तर प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात. यासाठी कसलेही यंत्र लागत नाही.

यंत्राची खरी गरज त्यानंतर पडते. सहा जोड्या एकाच वेळी बोलत असताना शिक्षक सर्वांचे ऐकू शकत नाही. प्रत्येक जोडीचे मिनिटभराचे बोलणे एका साध्या फोनवर ध्वनिमुद्रित झाले, तर ते नंतर ऐकता येते. मुलालाही स्वतःचे बोलणे ऐकता येते, अडलेली जागा कळते आणि पुन्हा बोलून पाहण्याची इच्छा होते. बोललेला शब्द हवेत विरतो. तो परत ऐकवण्याची सोय फळा आणि खडू यांच्यात नव्हती. तंत्रज्ञानाने भाषेच्या वर्गाला दिलेली ही खरोखरीची नवी देणगी आहे, आणि तिची किंमत डिजिटल फळ्याच्या तुलनेत अगदीच किरकोळ आहे.

यंत्र आधी येते तेव्हा

यंत्र आधी आणि पाठ नंतर, असा क्रम भारतात यापूर्वीही लागला आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचवण्यात आले. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम असत. तांत्रिकदृष्ट्या तो प्रयोग अपूर्व होता. परंतु प्रक्षेपण एकच आणि त्याची वेळ ठरलेली, त्यामुळे पाठाचा वेग पडद्याच्या हाती होता. शिक्षकाला मध्येच थांबून ‘हा शब्द तुमच्या गावात कसा म्हणतात?’ असे विचारण्याची सोय त्यात नव्हती. पुढे १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली आणि मराठी मुलांसाठी स्वतंत्र कार्यक्रम तयार होऊ लागले. ती संस्थाही २०१७ साली बंद झाली. त्याच वर्षी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोडचे चौकोन दिसू लागले.

२०२० च्या महासाथीने या प्रवासातील उणीव उघडी पाडली. सांगे आणि सत्तरीच्या डोंगराळ भागातील विद्यार्थी मोबाइलची रेंज मिळावी म्हणून टेकड्या चढत असल्याच्या बातम्या त्या पावसाळ्यात राज्याने वाचल्या. तेव्हा चर्चा झाली ती जोडणीची. टेकडीवर पोहोचलेल्या मुलाला पडद्यावर नेमके काय मिळत होते, हा प्रश्न मागे राहिला. पुष्कळ ठिकाणी ते पाठ्यपुस्तकातील पानाचे छायाचित्र आणि खाली ‘प्रश्नोत्तरे वहीत लिहा’ ही सूचना एवढेच होते.

युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण निरीक्षण अहवालाचा विषयच शिक्षणातील तंत्रज्ञान हा होता. या साधनांच्या परिणामकारकतेचा निःपक्षपाती आणि भक्कम पुरावा अद्याप तुटपुंजा आहे, असे त्या अहवालाने स्पष्ट म्हटले. त्याच वर्षी स्वीडनसारख्या संपन्न देशानेही लहान मुलांच्या वर्गात छापील पुस्तकाला पुन्हा अग्रस्थान देण्याचे धोरण स्वीकारले. यातून ‘यंत्रे बंद करा’ असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर या अभ्यासकांनी २००६ साली मांडलेली चौकट येथे अधिक उपयोगी पडते. विषयाचे ज्ञान, शिकवण्याचे ज्ञान आणि तंत्राचे ज्ञान ही तीन वर्तुळे जिथे एकमेकांना छेदतात, तिथेच तंत्राधारित पाठ उभा राहतो, असे ती चौकट सांगते. सरकारी प्रशिक्षणे मात्र बहुधा तिसऱ्याच वर्तुळात फिरतात. फळा सुरू कसा करावा, खाते कसे उघडावे, हजेरी कशी चढवावी, हे शिक्षकाला शिकवले जाते. त्या फळ्यावर मराठीचा पाठ कसा उभा करावा, हे त्याचे त्याने पाहून घ्यायचे असते.

समोरचे मूल कोणते?

भाषेच्या पाठाचे नियोजन एका प्रश्नापासून सुरू होते. समोरच्या मुलाच्या तोंडात कोणती भाषा आहे? मराठीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर गावागणिक बदलते.

गोव्यातील मराठी शाळेत येणारे मूल घरी बहुतांशी कोकणी बोलते. कर्नाटकातून कामासाठी आलेल्या कुटुंबांतील मुलांच्या घरी कन्नड असते. तरीही गोव्याच्या खेड्यात मराठी परकी नाही. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या हे त्याचे एक कारण. त्याहूनही जुने कारण देवळात सापडते. चवथीला घुमटाच्या साथीने म्हटल्या जाणाऱ्या आरत्या, देवळातले भजन, जत्रेच्या रात्रीचे नाटक, घरी येणारे वर्तमानपत्र या सगळ्यांतून मराठी मुलाच्या कानावर पडत असते. पहिलीत येणाऱ्या गोमंतकीय मुलाची जीभ कोकणी असली, तरी कान काही अंशी मराठी असतो. हे भांडवल कोणत्याही तयार चित्रफितीत सापडणार नाही.

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या मुलाचे चित्र वेगळे आहे. घरची भाषा मराठी, शाळेची मराठी, पण राज्याची भाषा कन्नड. २०१५ च्या कायद्याने ती शिकणेही अनिवार्य झाले आहे. तिथले मराठी माध्यमाचे पाठ्यपुस्तक कर्नाटकाचे असल्यामुळे बालभारतीच्या धड्यावर तयार केलेली चित्रफीत तिथल्या धड्याशी जुळत नाही. इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या मराठी घरातील मूल देवनागरी वाचते, पण ती हिंदीच्या सवयीने. त्याला ‘ळ’ अडतो, ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक अडतो. वडोदऱ्याच्या मुलाला शिरोरेखा नसलेल्या गुजराती लिपीतून देवनागरीकडे यावे लागते. या सर्वांना मराठीच शिकायची आहे, पण प्रत्येकाचा पाठ वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतो. सर्वांसाठी एकच चित्रफीत तयार केली, तर ती त्यांपैकी कोणाच्याच नेमक्या गरजेची ठरत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने किमान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत, मातृभाषा वा परिसरभाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे. गोव्यात हा विषय निघाला की चर्चा कोकणी की मराठी या वळणावर जाऊन थांबते. राजभाषा कायदा १९८७ चा. माध्यम आणि अनुदान यांचा वाद २०११ साली पुन्हा पेटला. हे वाद मोठ्यांचे आहेत. वर्गातील मूल मात्र घरच्या ‘आंबो’वरून पुस्तकातल्या ‘आंबा’कडे रोज विनातक्रार ये-जा करत असते. त्या येण्याजाण्याला पाठात स्थान द्यायचे की नाही, एवढाच शिक्षकापुढचा प्रश्न असतो.

माटोळीचा एक पाठ

चवथीच्या आसपासच्या दिवसांत तिसरी-चौथीच्या एकत्रित वर्गासाठी चार तासिकांचा एक पाठ कसा आखता येईल, ते पाहू. साधने दोनच आहेत. शिक्षकाचा फोन आणि त्याला जोडता येणारा एक छोटा ध्वनिक्षेपक. इंटरनेटची गरज नाही.

पहिल्या तासिकेपूर्वी मुले घरी आजीला किंवा आईला माटोळीत बांधायच्या वस्तूंची नावे विचारून येतात. ज्याच्या घरी फोन मिळतो तो अर्ध्या मिनिटाचे बोलणे टिपून आणतो. इतर मुले नावे ध्यानात ठेवून येतात. घरी फोन नसलेले मूल या पाठात मागे पडता कामा नये, ही नियोजनाची पहिली अट आहे. ज्यांच्या घरी माटोळी बांधत नाहीत ती मुले नाताळच्या कुस्वादाची किंवा ईदच्या पदार्थांची नावे आणतात. वर्गात ही ध्वनिमुद्रणे दोनदा ऐकवली जातात. दुसऱ्या वेळी मुले ऐकलेली नावे सांगतात आणि शिक्षक फळ्यावर रकाने आखतो. एका रकान्यात घरचा शब्द, दुसऱ्यात पुस्तकातला. नाल्ल आणि नारळ, केळें आणि केळे, आंबो आणि आंबा. ज्या मुलाच्या घरी कन्नड आहे, त्याच्या शब्दासाठी तिसरा रकाना. थोड्या वेळाने एखादे मूल स्वतःच घोडो आणि घोडा, रस्तो आणि रस्ता, दोळो आणि डोळा अशा जोड्या सांगू लागते. कोकणीत ओकारान्त असलेली पुष्कळ पुल्लिंगी नामे मराठीत आकारान्त होतात, हा नियम मुलांना असा स्वतःच सापडतो. घरचा शब्द चूक आणि पुस्तकातला बरोबर, असे कोणालाही म्हणावे लागत नाही.

दुसऱ्या तासिकेत जोड्यांमध्ये बोलणे होते. ‘आमच्या माटोळीत काय काय असते’ हे एकाने मराठीतून दुसऱ्याला सांगायचे. प्रत्येक जोडीचे मिनिटभर बोलणे टिपले जाते, त्यांना ऐकवले जाते आणि हवे असल्यास पुन्हा टिपले जाते. तिसऱ्या तासिकेत जे बोलले तेच पाच-सहा वाक्यांत वहीत लिहायचे, आणि तेही पेन्सिलीनेच. दोन-तीन वह्यांची छायाचित्रे, मुलांच्या संमतीने आणि नाव न दाखवता, शाळेत फळा असेल तर फळ्यावर आणि नसेल तर फोनवर गटागटाने पाहिली जातात आणि सारा वर्ग मिळून ती सुधारतो. चौथ्या तासिकेत चौथीची मुले आपला मजकूर पहिलीच्या मुलांना वाचून दाखवतात. तो वर्गाचा वाचनपाठ होतो. या मजकुराची हाताने शिवलेली पुस्तिका शाळेच्या कपाटात राहते.

या चार तासिकांच्या १४० मिनिटांत यंत्र चालू राहते ते पंधरा-वीस मिनिटे. उरलेला सगळा वेळ मुलांचा असतो. तरीही यंत्र काढून घेतले तर हा पाठ लंगडा होतो. आजीचा आवाज वर्गात येत नाही, मुलाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि एकाच्या वहीतील वाक्य सर्वांना एकाच वेळी दिसत नाही.

एकशिक्षकी शाळेत आणखी एक लाभ होतो. पहिलीची मुले ध्वनिक्षेपकावर गोष्ट ऐकून तिची चित्रे काढत असताना शिक्षकाला तिसरीच्या मुलांजवळ पूर्ण दहा मिनिटे बसता येते. चार वर्गांच्या शिक्षकाची खरी टंचाई वेळेची असते, आणि चांगले नियोजन यंत्राकडून हा वेळच वसूल करून घेते.

यंत्राचा कान आणि मराठीचा उच्चार

आता बोलणे ओळखणारी आणि लिहिलेले वाचून दाखवणारी साधनेही वर्गाच्या दाराशी आली आहेत. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा उपक्रम २०२२ पासून भारतीय भाषांसाठी अशी साधने घडवत आहे, आणि आठव्या अनुसूचीतील भाषा म्हणून मराठी आणि कोकणी या दोन्हींचा त्यात विचार आहे. ही मोठी संधी आहे. पण वर्गात नेण्यापूर्वी शिक्षकाने अशा साधनाची साधी परीक्षा घ्यायला हवी.

मराठीत ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी ते वेगळे दाखवत नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया, आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. अक्षरे तीच, उच्चार निराळे. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला ‘झ’ही एकसारखा नाही. हिंदीच्या सवयीने घडलेला यांत्रिक आवाज या जागी ठेचकाळतो. तो आवाज रोज ऐकणारे मूल तसेच बोलू लागते. गोव्यातील मुलाला हा फरक घरच्या कोकणीमुळे आधीच ठाऊक असतो. यंत्राने तो पुसून टाकला तर शाळेत येऊन मूल शहाणे होण्याऐवजी एक गोष्ट विसरून घरी जाईल. शिवाय आवाज ओळखणारी साधने मोठ्यांच्या बोलण्यावर अधिक घडलेली असतात. लहान मुलाचा अडखळता, कोवळा आवाज त्यांना नीट कळत नाही. ‘पुन्हा बोला’ असे यंत्राने तीनदा सांगितले की मूल चौथ्यांदा तोंड उघडत नाही.

वाचनाच्या वेगाचेही तसेच आहे. ‘निपुण भारत’ने तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत असे लक्ष्य ठेवले आहे. मिनिटाचे शब्द मोजून आकडा दाखवणारे ॲप तयार करणे सोपे आहे. पण मराठीत ‘घरासमोरच्या’ हा एक शब्द आहे, आणि हिंदीत त्याच अर्थासाठी चार शब्द लागतात. २०२२ च्या राष्ट्रीय मूलभूत अध्ययन सर्वेक्षणात वीस भाषांसाठी स्वतंत्र मापदंड ठरवावे लागले, ते याच कारणाने. केवळ वेग मोजणारे यंत्र ‘समजून’ हा शब्द गाळून टाकते. मग मुले धावत वाचतात, आणि धड्यात काय होते असे विचारले की एकमेकांकडे पाहतात.

कळफलकाचा निर्णयही नियोजनातच व्हायला हवा. रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवण्याची पद्धत मोठ्यांना सोयीची वाटते. अक्षरे शिकत असलेल्या मुलासाठी ती उलटी वाट आहे. ‘की’ लिहिण्यासाठी त्याला आधी इंग्रजी अक्षरे आठवावी लागतात. स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे ठेवणारा इन्स्क्रिप्ट कळफलक देवनागरीच्या वर्णमालेशी जुळतो. पहिली-दुसरीत हातात पेन्सिलच असावी आणि कळफलकाची ओळख त्यानंतर थेट देवनागरीतून व्हावी, एवढे तरी शाळांनी ठरवून घेणे शक्य आहे. गोवा सरकारची कोडिंग आणि रोबोटिक्सची योजना सहावी ते आठवीच्या मुलांसाठी आहे. तिथे पोहोचेपर्यंत मराठी वा कोकणी शाळेतील मुलाचा हात देवनागरी कळफलकावर बसलेला असेल, तर आपली भाषा संगणकावर चालत नाही असा समज त्याच्या मनात रुजणार नाही.

मुलांचे आवाज टिपताना एक दक्षताही आवश्यक आहे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि त्यांची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. मुलाचा आवाज हीसुद्धा त्याची वैयक्तिक माहितीच आहे. ध्वनिमुद्रण शाळेबाहेर जाऊ नये, पालकांच्या गटावर फिरू नये आणि पाठ संपल्यावर पुसले जावे, हे नियोजनाच्या कागदावर लिहिलेले असले पाहिजे.

कोसबाडची आठवण

हा विचार मराठी शिक्षणपरंपरेला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभे केले, तेव्हा त्यांनी शहरातील महागडी साधने तशीच उचलून नेली नाहीत. शंख-शिंपले, बिया, पाने, गोटे यांतून साधने घडवली. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात आणि कुरणात नेली. साधन कोणते हा प्रश्न त्यांच्यापुढे दुसरा होता. पहिला प्रश्न मूल कुठे उभे आहे हा होता. आज गोट्याच्या जागी फोन आला आहे, पण प्रश्नांचा क्रम बदलण्याचे काही कारण नाही.

शिक्षण खात्याने हा क्रम मानला तर काही गोष्टी आपोआप ठरतात. प्रत्येक तालुक्यातील मराठी आणि कोकणी शाळांच्या शिक्षकांना महिन्यातून किमान अर्धा दिवस एकत्र बसून पाठ आखण्यासाठी मिळाला पाहिजे, आणि तो दिवस माहिती भरण्याच्या कामात खर्ची पडता कामा नये. मोठ्या फळ्यांच्या खरेदीपूर्वी प्रत्येक शाळेला एक चांगला ध्वनिक्षेपक आणि ध्वनिमुद्रणाची सोय मिळाली, तर कमी पैशांत अधिक भाषा शिकली जाईल. राज्य शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने गोव्यातील नाट्यकलाकार, भजनी मंडळी आणि शिक्षक यांच्या आवाजात गोष्टी आणि संवाद ध्वनिमुद्रित करून घेतले, तर मुलांना आपल्या गावच्या वळणाची मराठी ऐकायला मिळेल. आणि शाळेला भेट देणाऱ्या अधिकाऱ्याने फळा चालू आहे का, एवढेच विचारून परत न जाता, आज वर्गातले कोणते मूल बोलले नाही, हेही विचारावे.

यात पणाला लागलेली गोष्ट लहान नाही. पटसंख्या घटलेल्या शाळेवर विलीनीकरणाचे सावट असते. गावची शाळा बंद झाली की लहान मुलाची वाट लांबते आणि गावातून मराठी वाचणारी पुढची पिढी निघून जाते. मराठी शाळेत मूल घालणारे पालक भाषाप्रेमापोटी घालतात तितकेच जवळच्या शाळेवर विश्वास ठेवून घालतात. वर्षअखेरीस आपले मूल निर्भयपणे उभे राहून बोलते, हातात आलेले वर्तमानपत्र वाचते आणि चार ओळी स्वतःच्या लिहिते, हे दिसले तर तो विश्वास टिकेल. भिंतीवरचा पडदा केवढा आहे, याची चौकशी त्या दिवशी कोणी करणार नाही.

पुढच्या चवथीला एखाद्या घरात माटोळीखाली उभे राहून तिसरीतले मूल आजीला आपण लिहिलेले पाच वाक्यांचे पान वाचून दाखवील. आजी ऐकेल, एखादा शब्द आपल्या पद्धतीने दुरुस्त करील. त्या पानामागे एक फोन होता, एक ध्वनिक्षेपक होता आणि पाठ आखून आलेला एक शिक्षक होता. या तिघांपैकी पहिले दोन बाजारात मिळतात. तिसऱ्याला वेळ आणि मोकळीक द्यावी लागते, आणि ती देणे शासनाच्याच हाती आहे.